फोर बाय फोर घ्यायचीय? आधी मळ्याच्या वाटेवर चालवा

आमच्याकडे ‘फोर व्हीलर’ म्हणजे कुठलीही मोटार. जळगावात एका शोरूममध्ये जाऊन मी “फोर व्हील पाहिजे” म्हणालो, तर तिथल्या पोराने आधी दोन हॅचबॅक दाखवल्या. मग “चारही चाकं ओढणारी” असं सांगितल्यावर त्याची ट्यूब पेटली. हायवेवर बारा मिनिटं फिरवून आणलं, थंड पाणी दिलं, हातात कॅटलॉग ठेवला. मी खुशीत घरी आलो.

नानांनी एवढंच विचारलं, “कुठे फिरवली?”

“हायवेला.”

“हायवेला तर आपली जुनी गाडीबी पळते ना भो.”

नाना तरुणपणी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जायचे. तिथे तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, आणि नुसतं दावणीला बांधलेलं घोडं पाहून कोणी पैसे मोजत नाही. चाल पाहतात, रपेट मारतात, पाय उचलून खूर तपासतात. मी बारा-पंधरा लाखांची वस्तू दावणीला पाहून आलो होतो. नंतर पुन्हा गेलो आणि या वेळी नीट पाहिली. त्या दुसऱ्या खेपेत आणि पुढच्या वर्षभरात जे कळलं, ते पहिल्यांदा फोर बाय फोर घेणाऱ्यांसाठी इथे मांडतो.

पहिलं काम: कॅलेंडर घेऊन बसा

गाडी पाहण्याआधी गेल्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून काढा. साध्या गाडीने अडलो असे दिवस किती, ते मोजा. माझं गाव चोपडा-यावल पट्ट्यात. गावापर्यंत डांबर, पुढे मळ्यापर्यंत तीन किलोमीटर, त्यातला शेवटचा एक किलोमीटर निव्वळ काळी माती. जुलै ते सप्टेंबर हा तुकडा बंद म्हणजे बंद. माझे दिवस चाळिसाच्या पुढे गेले. तुमचे आठ-दहाच भरले, तर त्या दिवशी मोटारसायकल किंवा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर परवडतो. तेवढ्यासाठी दोन-तीन लाख जास्त घालू नका.

रस्ता मुरमाचा असेल आणि त्रास फक्त खड्ड्यांचा असेल, तरीही फोर बाय फोरची गरज नाही. तिथे गाडीचं पोट जमिनीपासून उंच असलं की भागतं. १९०-२०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची साधी एसयूव्ही ते काम करते. सातपुड्यात, म्हणजे धडगाव, मोलगी, तोरणमाळ, चांदसैली घाट अशा भागात रोजचं येणं-जाणं असेल, तर हिशेब वेगळा. तिथे चिखलापेक्षा चढ आणि सुटे दगड गाडीची परीक्षा घेतात.

एक कडू गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शोरूममध्ये ती कोणी सांगत नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचांत जाऊन बसते. चार-पाच फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत गोळा होतो. मग दोन चाकं फिरण्याऐवजी चार फिरतात, एवढाच फरक. झड लागलेली असताना कुठलीच गाडी त्या मातीत घालू नये. वाफसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही, तोच नियम. फोर बाय फोर उपयोगी पडते ती वाफसा येता येता, वरून सुकलेलं आणि खालून ओलं असताना. साधी गाडी जिथे आणखी चार दिवस थांबली असती, तिथे ही दुसऱ्या दिवशी जाते.

दुसरं: टू, फोर आणि लो यांतला फरक

खऱ्या अर्थाने फोर बाय फोर म्हणावी अशा गाडीत गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा किंवा बटण असतं. त्यावर मुख्य तीन जागा असतात: 2एच, 4एच आणि 4एल. 2एचमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. रोजचं चालवणं यातच. 4एचमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट जोडली जातात. चिखल, वाळू, ओला मुरूम यासाठी. 4एल म्हणजे त्याहून खालचा गिअर. वेग साधारण निम्म्यावर येतो आणि ओढ तेवढीच वाढते. बैल चढावर मान खाली घालून एकेक पाऊल टाकतो, तसं.

कोरड्या डांबरावर 4एच लावायचं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ काढतात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. मऊ जमिनीवर चाकं थोडी घसरून तो फरक जिरवतात. डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो. आमच्या ओळखीच्या एकाने “जास्त ग्रिप मिळते” म्हणून पूर्ण अजिंठा घाट 4एचमध्ये चढवला. स्टिअरिंग का जड झालं, हे त्याला वर पोहोचेपर्यंत कळलं नाही.

‘ऑल व्हील ड्राइव्ह’ ही निराळी जात. तीत गाडी आपलं आपण ठरवते की मागच्या चाकांना किती ताकद द्यायची. डांबरावर चालते, पावसात चांगली, पण बहुतेकांत लो गिअर नसतो. ग्रँड विटाराचं ऑलग्रिप सिलेक्ट त्या प्रकारातलं. मळ्याच्या वाटेसाठी मी ती घेतली नसती. नाशिक-पुणे जास्त आणि गाव कमी असेल, तर मात्र तीच बरी.

तिसरं: पाहण्यासारख्या गाड्या

लहान आणि लो गिअरवाल्या अशा नव्या गाड्या आपल्याकडे बोटावर मोजण्याएवढ्याच. मारुतीची जिम्नी पाच दारांची, जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून आली. पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं, ताकद साधारण १०५ पीएस, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. महिंद्राची तीन दारांची थार २०२० ची. २.० लिटर पेट्रोल किंवा २.२ लिटर डिझेल, २२६ मिलिमीटर क्लिअरन्स. फोर्सची गुरखा आहे, तिचे पुढचे-मागचे दोन्ही डिफरेन्शिअल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअरचे गोळे, लॉक होतात. पण ती लहान म्हणवत नाही. थार घेताना एक पाहा: १.५ लिटर डिझेलवाली मागच्या चाकांवर चालते, ती फोर बाय फोर नाही. दिसायला बाहेरून तशीच. ती घेऊन नंतर चिखलात कळलेले लोक आहेत.

जिम्नी आणि तीन दारांची थार दोन्ही ३,९८५ मिलिमीटर लांब. रुंदीत फरक आहे. जिम्नी १,६४५, थार १,८२०. वीतभराला थोडा कमी. कागदावर हे काहीच वाटत नाही. पण दोन्ही बाजूंनी केळी, मध्ये बैलगाडीची चाकोरी आणि समोरून ट्रॅक्टर आला, की त्या वीतभराची किंमत कळते. उलट रेतीत आणि खोल चाकोऱ्यांत थारचे रुंद टायर आणि डिझेलची ओढ उजवी ठरते. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते.

आणि दोन्हींत जागा चारच. आपल्याकडे लग्नाला सहा जण एका गाडीत निघतात. हे घरात आधी बोलून घ्या, नंतर नको.

चौथं: शोरूमला फोन

“टेस्ट ड्राइव्ह पाहिजे” एवढंच म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. टेस्टची गाडी फोर बाय फोरच आहे का? कच्च्या रस्त्यावर नेऊ द्याल का? किती वेळ? बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर “नाही भाऊ, पॉलिसी नाही” असंच येतं. मग म्हणायचं, “चिखलात नाही घालत. मुरमाचा एक चढ दाखवतो, तुमचा माणूस शेजारी बसू द्या.” माझं यावर जमलं. नाहीच जमलं, तर ज्याच्याकडे ती गाडी आहे असा कोणी शोधा. कळण्याच्या भाकरीचं आणि भरिताचं आमंत्रण दिलं, की खानदेशात माणूस गाडीसकट येतो.

वेळ दुपारी दोनची मागा, शक्यतो एप्रिल-मेमध्ये. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना उन्हात तापलेल्या गाडीचा एसी मागच्या सीटपर्यंत किती वेळात पोहोचतो, हे सकाळी अकराला कळत नाही. लायसन्स सोबत ठेवा आणि घरातलं सगळ्यात वयस्क माणूस न्या.

पाचवं: गाडी उभी असताना

आई चढू शकते का, ते पहिलं पाहा. उंच गाडीत चढणं आणि त्याहून उतरणं, दोन्ही. तीन दारांच्या गाडीत मागे बसायला पुढची सीट वाकवून जावं लागतं. नऊवारीत ते होत नाही. माझ्या आईने थारकडे एक नजर टाकली आणि “मी एस्टीने येईन” म्हणाली. विषय तिथेच संपला.

मग डिकी. जिम्नीच्या मागच्या सीट उभ्या ठेवल्या तर २०८ लिटर जागा राहते, म्हणजे फार नाही. मी घरून रिकामी गोणी नेली होती, त्यात शोरूमबाहेरच्या दुकानातून भुसा भरून घेतला आणि ठेवून पाहिली. सेल्समन हसला. हसू द्या. औषधाचा पंप, ठिबकच्या नळीचं बंडल, दुधाचा कॅन, जे तुम्ही रोज नेता ते ठेवून पाहा.

शेवटी खाली वाका. पुढून आणि मागून गाडीखाली सगळ्यात खाली काय लोंबतं? डिफरेन्शिअलचा गोळा, सायलेन्सर, टाकी. बांध ओलांडताना घासणार तेच. ओढण्याचे हूक पुढे-मागे कुठे आहेत, तेही बघून ठेवा.

सहावं: चालवणं

आधी डांबर. पाच मिनिटं पुरेत, पण ती ऐंशी-शंभरच्या वेगाची हवीत. जळगाव-धुळे चौपदरी यासाठी बरा. जिम्नीसारख्या गाडीत शिडीसारखी चासी आणि पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल असतो. ही रचना दगडधोंड्यांत फार उत्तम. पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल वाटतं, बाजूने ट्रक गेला की गाडी हलते, मागे बसलेल्याला उड्या बसतात. हा दोष समजू नका, हा त्या जातीचा स्वभाव आहे. प्रश्न एवढाच, की महिन्यातून चार वेळा नाशिकला जाताना तो तुम्हाला चालेल का. मागच्या सीटवर स्वतः दहा मिनिटं बसा आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. हे जवळपास कोणीच करत नाही.

मग चढ. चौघं बसलेले, एसी चालू. धुळ्याचे असाल तर लळिंग घाट जवळ आहे, चाळीसगावचे असाल तर कन्नड घाट, पण तिथे गर्दी पाहून वेळ निवडा. जिम्नीचं इंजिन टर्बोवालं नाही. तिची पूर्ण ओढ, १३४ न्यूटन मीटर, इंजिनच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर मिळते. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये आळसाने चढणार नाही, तिसरा टाकावाच लागतो. डिझेलची सवय असलेल्याला हे पहिल्या दिवशी खटकतं. ऑटोमॅटिक पाहत असाल तर तिला चारच गिअर आहेत. घाटात ती वर-खाली किती वेळा करते, ते कान देऊन ऐका.

आता खरं काम. मोकळी, मुरमाची किंवा मातीची सपाट जागा शोधा. आधी 2एचमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने एक गोल काढा. गाडी मोकळी फिरेल. मग 4एच लावा आणि तोच गोल काढा. आता गाडी अडखळेल, कोणी मागून धरल्यासारखी, आणि गोलही मोठा होईल. पुढची-मागची चाकं जोडली गेली आहेत, याची ही पावती. फरक अजिबात जाणवला नाही, तर शेजारच्या माणसाला विचारा. जिम्नीत 2एच ते 4एच चालत्या गाडीत होतं, चाकं सरळ ठेवायची. 4एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबून न्यूट्रलमध्ये आणायची आणि दांडा ओढायचा. पहिल्यांदा दांडा जड जातो. जोर लावू नका, गाडी हातभर पुढे-मागे करा म्हणजे दात बसतात.

4एल लागल्यावर मुरमाच्या तीव्र चढावर मध्येच थांबा. पहिला गिअर टाकून क्लच हळूच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी मागे न सरकता आपोआप चढू लागेल. आता त्याच उतारावरून खाली या. पहिला गिअर, ब्रेकवरचा पाय काढलेला. हे पहिल्यांदा करताना छातीत धडधडतं. पण गाडी इंजिनच्या धाकाने मुंगीच्या चालीने उतरते. पूर्ण टेस्ट ड्राइव्हमधली ही दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यांच्या वाटांवर किंवा नाल्याच्या काठावर गाडीचा भरवसा याच दोन मिनिटांवर ठरतो.

शक्य असेल तर एक कोरडी चारी तिरकी ओलांडा, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी येईल. चार चाकांना ताकद आहे म्हणून गाडी निघेलच असं नाही, कारण साध्या डिफरेन्शिअलमध्ये ताकद हलक्या चाकाकडे पळते आणि ते हवेत गरगर फिरतं. जिम्नीत संगणक त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्याकडे वळवतो. घर्र-घर्र आवाज येतो, त्याला घाबरू नका, पाय स्थिर ठेवा. थारच्या काही मॉडेलांत मागचा डिफरेन्शिअल स्वतःच लॉक होतो. तुम्ही घेत असलेल्या मॉडेलात यांतलं नेमकं काय आहे, ते लेखी विचारा.

ब्रेकबद्दल एकच. फोर बाय फोर सुटायला मदत करते, थांबायला नाही. ओल्या डांबरावर ती इतर गाड्यांएवढीच घसरते.

सातवं: कोटेशन

चार मीटरच्या आत आहे म्हणून ‘छोटी गाडी’चा कर लागेल, असं धरून चालू नका. जीएसटीत लांबीसोबत इंजिनही पाहतात. पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून त्या गाड्यांना १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के. जिम्नी लांबीत बसते, इंजिनात नाही. २.२ लिटरच्या थारचंही तेच. वरून राज्याचा रोड टॅक्स. वैयक्तिक नावावरच्या दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. संस्थेच्या किंवा फर्मच्या नावावर घेतली तर तो थेट २० वर जातो, म्हणून दुकानाच्या नावावर बिल करण्याआधी सीएला विचारा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो रिटर्न भरताना परत मागता येतो, पावती सांभाळा.

मायलेजचा कागदी आकडा जिम्नी मॅन्युअलसाठी १६.९४ आहे. टाकी ४० लिटरची. स्वतःचा आकडा टाकी-टू-टाकी भरून काढा आणि 4एलमध्ये तास मोजा, किलोमीटर नाही.

अ‍ॅक्सेसरीजच्या यादीतून पुढचा लोखंडी बंपर गार्ड खोडा. २०१७ च्या डिसेंबरपासून त्याला बंदी आहे, शिवाय धडकेत एअरबॅगच्या कामात तो अडथळा आणू शकतो. ते पैसे चांगल्या ऑल-टेरेन टायरमध्ये घाला. फोर बाय फोर ताकद देते, पण जमिनीला धरायचं काम टायरचं.

जुनी घेत असाल तर

१९८५ पासून तीसेक वर्षं बनलेली जिप्सी अजूनही एमएच-१८, १९ आणि ३९ पाट्यांवर दिसते. प्रेमाने घेऊ नका, मेकॅनिक घेऊन जा. डिफरेन्शिअलचं तेल काढून पाहा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे ती नाल्यात बुडालेली आहे. चासीला आतल्या बाजूने स्क्रू-ड्रायव्हरने टोचा, गंज बाहेरून दिसत नाही. 4एल मालकाला लावायला सांगू नका, स्वतः लावून पाहा. कित्येक गाड्यांत तो दांडा वर्षानुवर्षं हललेला नसतो. पंधरा वर्षं झाली असतील तर आरसीची मुदत वाढवलीय का, आणि इंजिन, रंग, टायरचा आकार आरसीप्रमाणे आहे का, हे व्यवहाराआधी पाहा.

गाडी घरी आल्यावर

पहिला पाऊस पडून दोन दिवस होऊ द्या. मग सालदाराला आणि एका मित्राला घेऊन मळ्याच्या वाटेवर जा. सोबत ओढायचा पट्टा, फावडं, हवा भरायचा छोटा पंप आणि हवा मोजायचा मीटर. मऊ जमिनीत टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी कमी रुतते, डांबरावर येण्याआधी पुन्हा भरायची. रुतायला लागली तर रेस करू नका, चाक स्वतःचा खड्डा खणतं. ज्या चाकोरीतून आलात, त्याच चाकोरीतून मागे जा. नाल्यात आधी स्वतः उतरून काठीने खोली पाहा. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल, तर घरी परत. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो.

आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये वर ठेवा. माझी पहिल्याच आठवड्यात फसली. आप्पा ट्रॅक्टर घेऊन आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “हिची चारही चाकं ओढतात ना?” मी हो म्हणालो. “मग पाचवं लाव,” म्हणाले आणि साखळी अडकवली.